तासभर विसरून जा, म्हणे!

घरच्या घरी कृष्णधवल रोल धुणाऱ्यांची जमात आपल्याकडे पुन्हा वाढायला लागली आहे. मला याचा मनापासून आनंद आहे. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला शनिवारी दुपारी बाथरूममध्ये बादली, थर्मामीटर आणि तीन बाटल्या घेऊन बसायला मिळावं, यासारखं सुख नाही. पण या नव्या मंडळींना पहिल्याच दिवशी एक सल्ला हमखास मिळतो आणि तो ऐकला की माझं डोकं फिरतं. सल्ला असा: "स्टँड डेव्हलपिंग कर. रोडिनल एकास शंभर, टाकीत ओत, मिनिटभर हलव, आणि तासभर विसरून जा. यात बिघडण्यासारखं काही नाहीच!"

बिघडतं. चांगलंच बिघडतं. आणि बिघडल्यावर नेमकं काय बिघडलं हे शोधणं या पद्धतीत सगळ्यात अवघड असतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की स्टँड ही नवशिक्यांची पद्धत नाहीच. ती नीट हात बसलेल्या माणसाने, कारण माहीत असताना, क्वचित वापरायची गोष्ट आहे.

आता थोडं रसायनशास्त्र. (घाबरू नका, बारावीपेक्षा कमीच आहे.) नेहमीच्या पद्धतीत आपण दर मिनिटाला टाकी चार वेळा उलटी-सुलटी करतो. का? तर फिल्मला चिकटून असलेला डेव्हलपरचा पातळ थर वापरला जातो, तो बाजूला करून तिथे ताजा माल आणायचा असतो. स्टँडमध्ये हे मुद्दाम करत नाहीत. फोटोतला जो भाग उजळ आहे, म्हणजे निगेटिव्हवर काळा होणार आहे, तिथला डेव्हलपर लवकर थकतो आणि काम मंदावतं. सावल्यांच्या भागात काम थोडंच असतं, त्यामुळे तिथला डेव्हलपर पुरतो आणि हळूहळू चालू राहतो. परिणाम असा की उजळ भाग जळत नाहीत आणि सावल्यांना पूर्ण वेळ मिळतो. शिवाय काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर एक बारीक धार येते, त्यामुळे फोटो जास्त टोकदार वाटतो. कल्पना सुंदर आहे, वाद नाही.

रोडिनलही भारी चीज आहे. त्याचं पेटंट १८९१ सालचं, म्हणजे आपल्या धंद्यातल्या कुठल्याही गोष्टीच्या खापरपणजोबाच्या वयाचं. २००५ मध्ये आग्फाफोटोचं दिवाळं वाजलं, तरी आर-०९, अ‍ॅडोनल अशा नावांनी हे रसायन आजही मिळतं. बाटली उघडल्यावर वर्षानुवर्षं टिकतं. रंग काळपट तपकिरी झाला म्हणून फेकून देऊ नका, तो तसाच होतो.

मग अडचण कुठे येते? टाकी हलवायचं काम आपण सोडलं की ते गुरुत्वाकर्षण हातात घेतं. डेव्हलपिंग होताना फिल्ममधून ब्रोमाइड सुटतं. ब्रोमाइडचा स्वभाव डेव्हलपरला अडवण्याचा. ते मिसळलेलं द्रावण जरा जड असतं, त्यामुळे ते फिल्मवरून सावकाश खाली ओघळतं आणि वाटेतल्या भागाला अडवत जातं. निगेटिव्हवर जिथे भरपूर काळं आहे, त्याच्या खाली फिकट ओघळ उमटतो. उलट उजळ आकाशात एखादा गडद खांब असेल तर त्याच्या खालच्या भागात कमी अडवणूक होते आणि तिथे निगेटिव्ह जास्त काळं होतं. फोटोत खांबाला पांढुरकी शेपूट फुटते. याला म्हणतात ब्रोमाइड ड्रॅग.

हा दोष ओळखायची एक खूण सांगतो. टाकीत रीळ आडवं बसतं, त्यामुळे फिल्मची एक कड वर आणि एक कड खाली असते. म्हणजे ओघळ नेहमी फिल्मच्या रुंदीच्या दिशेनेच जाणार. ३५ मिमी कॅमेरा आडवा धरून काढलेल्या फोटोत पट्टे उभे दिसतील, पण त्याच रोलवर कॅमेरा उभा धरून काढलेल्या फोटोत ते आडवे दिसतील. रोलीफ्लेक्ससारख्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात फिल्म खालून वर सरकते, म्हणून तिथे पट्टे फोटोत आडवेच येतात. थोडक्यात काय, पट्टा फोटोतल्या वस्तूंची दिशा पाळत नसेल आणि फिल्मची दिशा पाळत असेल, तर लेन्सला आणि कॅमेऱ्याला शिव्या देऊ नका. दोष टाकीतला आहे.

भोकांच्या अंतराने समान पट्टे आले असतील तर मात्र जरा थांबा. ते दोन्ही टोकांना येतात: अजिबात न हलवल्यानेही येतात आणि मिल्कशेक केल्यासारखी टाकी घुसळल्यानेही येतात. इथे तुम्ही त्या दिवशी काय केलंत याची नोंद असेल तरच उत्तर मिळतं. नोंद नसेल तर चार मित्र, पाच मतं.

दुसरा घोळ मापाचा. पॅटरसनच्या टाकीच्या बुडाशी लिहिलेलं असतं: ३५ मिमीच्या एका रोलला २९० मिली, १२० च्या रोलला ५००. नवशिका माणूस प्रामाणिकपणे ३०० मिली द्रावण करतो. एकास शंभर म्हणजे त्यात मूळ रोडिनल किती? जेमतेम ३ मिली. एका रोलला निदान ५ मिली तरी हवं, हा बहुतेक जण पाळतात तो नियम. पाणी कितीही ओता, काम करणारी माणसं तीनच आहेत! मग निगेटिव्ह फिकट येतं, उजळ भागात जान नसते, आणि माणूस म्हणतो फिल्म खराब होती. उपाय साधा आहे: मोठी टाकी घ्या, ५०० मिली करा, ५ मिली टाका. माप चमच्याने घेऊ नका. मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आणा. ३ मिली मोजताना अर्धा मिली इकडेतिकडे झाला तरी फरक सहाव्या हिश्शाचा पडतो.

तिसरा घोळ खास आपल्याकडचा: तापमान. ही कृती लिहिणारे लोक थंड देशातले. त्यांची खोली आधीच १९-२० अंशांवर. आपल्याकडे मे महिन्यात ३२ अंशांच्या खोलीत २० वर सुरू केलेली टाकी तासाभरात सहज २६-२७ पर्यंत जाऊन बसते. नेहमीच्या पद्धतीत जे काम २० अंशांना १० मिनिटं घेतं, ते २४ अंशांना साधारण ७ मिनिटांत होतं. यावरून हिशोब करा. तुमचा "एक तास" आणि त्यांचा "एक तास" ही एकच गोष्ट नाही. "स्टँडला तापमानाचा फरक पडत नाही" हे वाक्य पुण्या-मुंबईत नोव्हेंबर ते जानेवारी थोडंफार चालेल, बाकी वर्षभर नाही. जास्त वेळ आणि जास्त उष्णता मिळून जे येतं ते म्हणजे धुकं. जिथे प्रकाश पडलेलाच नाही तो भागही राखाडी होतो.

उपाय खर्चिक नाहीत. टाकी बादलीभर पाण्यात ठेवा. दहा-बारा लिटर पाण्याचं तापमान चटकन बदलत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ बांधून बादलीत सोडा. उन्हाळ्यात पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत माठातलं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा चांगलंच गार असतं, ते वापरा. (मुंबईच्या दमट हवेत माठाची मात्रा फारशी चालत नाही.) आणि २० चा हट्ट कशाला? २४ अंश धरा, वेळ त्याप्रमाणे कमी करा, आणि पाणी, डेव्हलपर, फिक्सर सगळं २४ च्या आसपास ठेवा. स्थिर २४ हे घसरत्या २० पेक्षा केव्हाही चांगलं.

बाकीचे दोष पटकन सांगतो, कारण त्यांचा स्टँडशी तितका संबंध नाही. निगेटिव्हवर गोल, पारदर्शक ठिपके आले असतील तर ते हवेचे बुडबुडे. द्रावण ओतल्यावर टाकी ओट्यावर दोन-तीनदा आपटा. नेहमीच्या पद्धतीत पुढच्या मिनिटाला हलवताना बुडबुडा निघून जातो, स्टँडमध्ये तो तासभर तिथेच बसतो. निगेटिव्ह दुधाळ दिसत असेल तर हायपो कमी पडलाय. पुन्हा ताज्या फिक्सरमध्ये घाला, काही नुकसान होत नाही. सुकल्यावर पांढरे डाग राहिले तर ते बोअरिंगच्या पाण्याचे. शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड वॉटरने करा.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट इथे फार उपयोगी पडते. प्रोग्रॅम कोसळला की आपण आधी काय बघतो? लॉग. फिल्मलाही लॉग असतो, पण कोणी वाचत नाही. फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात. ते कारखान्यातच प्रकाश देऊन छापलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. तेव्हा आकडे ठसठशीत आणि फोटो फिकट असेल, तर फोटो काढतानाच प्रकाश कमी पडला. आकडेही फिकट असतील तर डेव्हलपिंग कमी झालं. आकडे छान आणि फोटोच नाहीत, तर फिल्म कॅमेऱ्यात सरकलीच नव्हती. आकडेसुद्धा नाहीत, सगळं काचेसारखं पारदर्शक, तर डेव्हलपर मेलेला होता किंवा फिक्सर आधी ओतला गेला. (फार जुन्या फिल्मवर हे आकडेही विरतात, तेवढं लक्षात ठेवा.) हे बघायला स्कॅनर नको, मोबाइलचा पांढरा स्क्रीन पुरे. उलट स्कॅनर घात करतो. तो सगळं आपोआप उजळवून, ताणून "बरं" करून दाखवतो आणि निगेटिव्हमधला दोष लपून राहतो.

हे सगळं मी इतक्या तावातावाने का सांगतोय? कारण आपल्या कामात आणि यात एक मोठा फरक आहे. कोड चुकला तर परत चालवता येतो. फिल्म एकदाच धुता येते. तिला अनडू नाही, बॅकअप नाही.

माझ्या टीममधल्या एका मुलाचे वडील गेले. घराची आवराआवर करताना कपाटात अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यांत दोन रोल निघाले, ऑर्वो एनपी-२२. (ही पूर्व जर्मनीची फिल्म, २२ डीन म्हणजे १२५ एएसए. एकेकाळी आपल्याकडे सर्रास मिळायची.) दोन्ही वापरलेले, पण कधीच न धुतलेले. त्याला कोणीतरी सांगितलं की जुन्या रोलला स्टँडच सगळ्यात सुरक्षित. त्याने मे महिन्यात, ठाण्याच्या फ्लॅटमध्ये, ३०० मिली द्रावणात पहिला रोल टाकला. जुना आहे म्हणून एकाच्या ऐवजी दोन तास ठेवला. निगेटिव्ह पोलादासारखं राखाडी आलं. पाच-सहा फ्रेममध्ये माणसं आहेत एवढं कळतं, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून पट्टे गेलेत. तो माझ्याकडे आला तेव्हा एवढंच म्हणाला, "दादा, दुसरा रोल आहे अजून. त्याचं काय करू?"

मी म्हटलं, आज काहीच करायचं नाही. पहिला रोल गेला, पण तो आपला लॉग आहे. पट्टे फिल्मच्या रुंदीतून जाणारे, म्हणजे ब्रोमाइड. उजळ भाग दबलेले, म्हणजे ३ मिलीचा प्रताप. सगळीकडे धुकं. त्यातलं काही वयाचं, ते आपल्या हातात नाही, पण काही उष्णतेचं आणि दोन तासांचं, ते आपल्या हातात आहे. मग साध्या नव्या फिल्मचे दोन रोल आणले आणि पुढचे दोन शनिवार त्यांच्यावर हात साफ केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम.

तिसऱ्या शनिवारी चेंजिंग बॅगेत ऑर्वोच्या सुरुवातीची वीतभर पट्टी कापून तिचे दोन तुकडे केले. सुरुवातीचा भाग कॅमेऱ्यात घालताना वाया गेलेलाच असतो, त्यामुळे नुकसान कमी. एक तुकडा स्टँडने, बादलीत, २० अंशांवर, तासभर. दुसरा एचसी-११० मध्ये, एकास एकतीस, नेहमीसारखा हलवत, काही मिनिटं. दोन्ही शेजारी ठेवल्यावर बोलायची गरजच उरली नाही. स्टँडच्या तुकड्यावर धुकं ढळढळीत जास्त होतं. पूर्ण रोल एचसी-११० मध्ये धुतला. २१ फ्रेम ओळखू येण्याइतक्या निघाल्या. बऱ्याच फोटोंत त्याची आई आहे, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली. वडील एकाही फोटोत नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्याच हातात. एका फ्रेममध्ये अंगणात पडलेली त्यांची सावली मात्र आहे.

आता कोणी म्हणेल, "अहो, पण कितीतरी लोक स्टँड करतात आणि त्यांचे फोटो मस्त येतात." येतात ना! त्यांचं हवामान थंड असतं. त्यांचे विषय रस्त्यावरचे, गर्दीचे, पोत असलेले असतात, त्यात पट्टा लपून जातो. तोच माणूस मोकळं आकाश, साधी भिंत किंवा धुक्यातला घाट काढू दे, पट्टे लगेच वर येतील. शिवाय दाखवलेला फोटो हा दहा रोलमधला एक असतो, उरलेले नऊ आपल्याला दिसत नाहीत.

"एकाच रोलवर १०० पासून ८०० पर्यंत काहीही ठेवून काढा, स्टँड सगळं सांभाळून घेतं" हाही असाच गोड गैरसमज. जास्त प्रकाश पडलेल्या फ्रेमला स्टँड थोडं सावरतं, हे खरं. पण सावलीत फिल्मवर प्रकाश पोचलाच नाही, तर जगातला कुठलाही डेव्हलपर तिथे काही उगवू शकत नाही. पेरलंच नाही तर पाणी घालून काय उपयोग?

आणि वेळ वाचतो म्हणता? हा मला सगळ्यात गमतीशीर मुद्दा वाटतो. एचपी-५ रोडिनलमध्ये एकास पन्नासला, २० अंशांवर, साधारण ११ मिनिटांत होते. त्यात प्रत्यक्ष हलवण्याचा वेळ दोन-सव्वादोन मिनिटं. म्हणजे दोन मिनिटांचे कष्ट वाचवायला आपण एक तास घालवतो, वर तापमान घसरू देतो आणि ब्रोमाइडला मोकळं रान देतो. रसायन वाचतं म्हणाल तर रोलमागे ५ मिली. फिल्मच्या आजच्या किमतीपुढे ते किती?

मग स्टँड कधीच करायचं नाही का? करायचं की. रात्रीच्या रस्त्यावर एकीकडे दिव्याचा भगभगाट आणि दुसरीकडे गल्लीतला काळोख, अशा रोलला ही पद्धत न्याय देते. धारदारपणा मुद्दाम हवा असेल तेव्हा करावी. पण तेव्हाही पूर्ण स्टँडपेक्षा अर्ध-स्टँड बरं: पहिलं मिनिट हळुवार हलवायचं, टाकी आपटायची, आणि तिसाव्या मिनिटाला दोनदा सावकाश उलटी करून पुन्हा ठेवायची. एवढ्याने पट्टे पुष्कळ कमी होतात. टाकीत खाली रिकामं रीळ आणि वर फिल्मचं रीळ ठेवलं की जड द्रावणाला खाली बसायला जागा मिळते. (अर्थात वरचं रीळ पूर्ण बुडेल इतकं द्रावण हवं.)

नव्याने सुरू करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. पहिले दहा रोल एकच फिल्म, एकच डेव्हलपर, नेहमीची हलवायची पद्धत. प्रत्येक रोलला वहीत एक ओळ: तारीख, तापमान सुरुवातीचं आणि शेवटचं, मिली, मिनिटं, कसं हलवलं. ते नीट येऊ लागलं की मग स्टँडशी खेळा, कारण तेव्हा दोष आला तर तो कशाने आला हे कळायला तुमच्याकडे तुलनेला काहीतरी असेल. आणि परत काढता येणार नाही असा रोल, मग तो घरातला जुना असो नाहीतर बहिणीच्या लग्नाचा, तो प्रयोगाला घेऊ नका. प्रॉडक्शनवर टेस्टिंग करू नये हे आपल्याला ऑफिसात पाठ असतं, बाथरूममध्ये शिरताना मात्र विसरतो.

असो. बरंच लांबलं. या शनिवारी रोल धुणार असाल तर तास वगैरे विसरा. थर्मामीटर बघा, घड्याळ लावा, आणि टाकी हलवा.